रणधीर निकम यांच्या निधनाची पडताळणी

पाल खरी होती, मिसळही खरी होती. हॉटेल मात्र दुसरंच होतं. त्या सकाळी पुण्यातल्या ऑफिसात एका व्हायरल व्हिडिओचा एवढा छडा लावून मी नुकता चहाचा कप उचलला होता, तेवढ्यात शालनआत्याचा फोन आला.

“तृप्ते, रणधीर गेला गं आपला...”

पुढं तिला बोलवेना. नुसते हुंदके. कधी, कसा, असं मी विचारलं तर म्हणाली, “आत्ता. आंगणात बसल्या बसल्या. तू कुणाला इचारत बसू नगंस. मोकळ्या मनानं रड बाई.” आणि तिनं फोन ठेवला.

रणधीर माझा दादा. आईवडील लवकर गेले, आम्हा दोघांना विधवा आत्यानंच वाढवलं. मिसरूड फुटायच्या आत दादा कोईमतूरला काकांच्या गलाईच्या दुकानात गेला. गलाई म्हणजे जुनं सोनं वितळवून, आम्लात घालून शुद्ध करायचं काम. आमच्या विट्याकडची निम्मी घरं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. वर्षानुवर्षं भट्टीचा धूर खाल्ला आणि दादाच्या दोन्ही किडन्या बसल्या. डॉक्टरांचा संशय तरी धुरावरच होता. तो गावी, कुरणवाडीला परत आला. चार वर्षं डायलिसिस चालू होतं आणि चार वर्षं त्याचं नाव किडनीच्या प्रतीक्षा यादीत होतं.

आणि कालच पुण्याच्या हॉस्पिटलातून निरोप आला होता. अपघातात मेंदू मृत झालेल्या एका माणसाचे घरचे अवयवदानाला तयार झालेत, रक्तगट जुळतो, तुमचं नाव आता पहिलं आहे, उद्या दुपारी नक्की काय ते कळवू, निघायच्या तयारीत राहा. इतकी वाट बघून किडनी दारात आली, तर माणूसच गेला. मी कप खाली ठेवला आणि टेबलावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडले. शेजारच्या खुर्च्यांवरची पोरं घाबरून उभी राहिली.

मग सगळे करतात तेच मीही केलं. ‘निकम परिवार, कुरणवाडी’ या ग्रुपवर रडत रडत बोलले, “दादा गेला. मी निघतेय.” माझ्या आधीच कोईमतूरचे काका रडले होते. वाराणसीचा मामेभाऊ, गुवाहाटीची चुलत बहीण, बरेलीचे भाऊजी, विजयवाड्याची आत्तेबहीण, सगळे धाय मोकलून रडत होते. मेघावहिनीला दोनदा फोन लावला, तिनं उचलला नाही. ती शाळेत शिकवते, तासाला फोन पिशवीत असतो. पण नवरा गेल्यावर कुठला तास, एवढासुद्धा विचार माझ्या मनात आला नाही. दिवसभर लोकांना “कशावरून?” असं विचारून पगार घेणारी बाई मी. आत्याला तो प्रश्न विचारायचा असतो हे मला सुचणंच शक्य नव्हतं.

गाडी काढेपर्यंत दादाच्या निधनाच्या बातमीपुढं हिरवा ठिपका उमटला होता.

हा ठिपका देते ती प्रचिती, बातम्यांची पडताळणी करणारी यंत्रणा. मी तिच्यातच काम करते. तिचं शास्त्र थोडक्यात सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

पूर्वी आम्ही खोटेपणा चित्रात शोधायचो. सावली चुकली का, ओठ आणि शब्द जुळतात का, कानाची पाळी नीट आहे का. मग बनावट चित्रं करणारी यंत्रं इतकी सुधारली की चित्रात काही सापडेना. एका तालुक्याच्या गावी धरण फुटल्याचा व्हिडिओ फिरला, लोक पुलाकडं धावले आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली. धरण जागच्या जागी होतं. त्यानंतर प्रचिती उभी राहिली. तिनं चित्राकडं बघायचं सोडून दिलं, ती माणसांकडं बघते. बातमी किती जण सांगतायत, ती त्यांनी एकमेकांकडून घेतलीय की ज्याला त्याला वेगळी कळलीय, हे लोक आजवर किती वेळा खरं बोललेत, आणि सांगताना त्यांच्या आवाजात काय चाललंय.

आवाजाचं असं आहे की आपल्याला खोटं ठाऊक असलेली गोष्ट आपण बोलतो, तेव्हा श्वास आणि स्वर यांचा मेळ किंचित चुकतो. कानाला ते कळत नाही, यंत्राला कळतं. आणि साक्षीदारांचं गणित तर साधंच. एकाच चुलीवरून दहा घरांत गेलेली बातमी एकच धरायची. दहा वेगळ्या चुलींवरून आली, तर ती खोटी असण्याची शक्यता दर वेळी घटत जाते. शंभरात एक, हजारात एक, लाखात एक. तिथं ठिपका उमटतो. आता तर लग्न जुळवतानासुद्धा लोक विचारतात, मुलाच्या नोकरीला ठिपका आहे का?

ठिपक्यावर सरकारी कामं चालायला लागली. अवयव वाटपसुद्धा त्याला जोडलं गेलं, कारण किडनी काढल्यावर ती काही तासांत बसवावी लागते आणि मृत्यूच्या दाखल्याची वाट बघत बसायला कुणाला सवड नसते. निधनाला ठिपका मिळाला की नाव यादीतून बाजूला आणि पुढच्या माणसाला फोन.

यात माझी स्वतःची भर एका नियमाची. मेलेल्या माणसांचे आवाज बनवून त्यांच्या घरच्यांना लुबाडणाऱ्या टोळ्या फार माजल्या होत्या. तेव्हा मी नियम लिहिला, की ज्याच्या निधनाला ठिपका मिळालाय, त्याचा त्यानंतरचा आवाज आणि चेहरा बनावटच समजायचा आणि वाटेतच अडवायचा. ऑफिसात त्याला सगळे ‘तेराव्याचा नियम’ म्हणतात. त्या नियमासाठी माझा सत्कार झाला होता. शाल अजून कपाटात आहे.

खंबाटकीचा घाट चढत होते तेव्हा गाडीच्या पडद्यावर ओळ झळकली: मृत व्यक्तीचा बनावट कॉल अडवला. रणधीर निकम.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणसाचं अंग अजून गार पडलं नसेल आणि हे लुटारू हजर! दोन मिनिटांत पुन्हा तीच ओळ. मग व्हिडिओ कॉल, तोही अडवलेला. मी रडत रडत त्या टोळीला शिव्या घातल्या, आणि खरं सांगते, त्या रडण्यातसुद्धा मला थोडं बरं वाटलं. माझा नियम चालत होता.

मग मेघावहिनीचा फोन आला.

“ताई, तुमचा फोन का लागंना? ह्यांनी तीनदा लावला.”

“कुणी?”

“कुणी म्हंजे? तुमच्या भावानं!”

मी गाडी कडेला घेतली. वहिनीच्या बोलण्यात रडूही होतं आणि संतापही. शाळेत ठिपका बघून मुख्याध्यापकांनी सुट्टी जाहीर केली होती. दोन शिक्षक तिला धरून घरी घेऊन आले, पाठोपाठ हार घेऊन मुख्याध्यापक. दार दादानं उघडलं. मुख्याध्यापक हार टाकून पळाले ते थेट चावडीपर्यंत.

“पण झालं काय?”

“कावळा. सकाळी हे आंगणात उन्हाला बसलेले, तर डोक्यावर कावळा येऊन बसला. आत्याबाईंनी बघितलं.”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडं कावळा डोक्यावर बसला तर त्या माणसाचं मरण जवळ आलं असं समजतात. त्यावर तोडगा एकच. लांबच्या नातेवाइकांना त्याच्या मरणाचा खोटा निरोप धाडायचा. ते मनापासून रडले की मरण आपलं काम झालं असं समजून माघारी जातं. रडणाऱ्याला खरं कळता कामा नये, नाहीतर रडणं खोटं पडतं. खरं सांगायचं ते दिवस मावळल्यावर.

आत्यानं एकेकाला साधा फोन केला होता. प्रचिती ग्रुपवरचं बोलणं ऐकते, साधे फोन ऐकत नाही, कायद्यानं तिला मनाई आहे. त्यामुळं चूल एकच आहे हे तिला दिसलंच नाही. तिला दिसलं ते एवढंच, की पाच राज्यांतली सहा माणसं, कुणी कुणाचा निरोप पुढं ढकललेला नाही, आणि सगळी खरोखर रडतायत. त्यांत एक प्रचितीतलीच अधिकारी, जिचा शब्द आजवर एकदाही खोटा निघालेला नाही. सगळ्यांत जास्त वजन माझ्या साक्षीचं होतं.

“वहिनी, हॉस्पिटलचा फोन आला?”

ती हळू आवाजात म्हणाली, “न्हाई. दुपारी येणार हुता. आम्ही लावला तर म्हणत्यात, या नावाचा पेशंट यादीत न्हाई.”

मी म्हटलं, “गाडी काढा. दादाला घेऊन तडक पुण्याला या. मीही मागं फिरते.”

चुकीचा ठिपका पुसायच्या दोन वाटा होत्या. एक म्हणजे बातमी जिथून निघाली त्या माणसानं स्वतःच्या तोंडानं ती मागं घ्यायची. दुसरी वाट, मी माझी साक्ष मागं घ्यायची; पण त्यासाठी दादा माझ्यासमोर असायला हवा आणि माझ्याकडच्या नाडीयंत्रावर त्याचा अंगठा हवा. मोबाइलवरून चालत नाही. मेघावहिनीनं ग्रुपवर “हे जिवंत आहेत” असं ओरडून सांगितलं होतं, त्यावर प्रचितीनं शेरा मारला: जवळच्या व्यक्तीचा शोकातील नकार. पहिल्या दिवशी बायका असं म्हणतात, हेही आम्हीच यंत्राला शिकवलं होतं.

त्यांची गाडी विट्यातून बाहेर पडल्यावर मी वहिनीच्या फोनवरून आत्याशी बोलले.

“आत्या, ग्रुपवर एवढंच म्हण, मी बोलले ते खोटं होतं.”

“दिवस मावळू दे.”

“आत्या, अगं किडनी दुसऱ्याला जाईल!”

“आन् आत्ता बोलले आन् पोराला काय झालं तर? तुजं यंत्र त्येला माघारी आणणार हाय व्हय? तुमच्या आईच्या वेळंला मी गप बसले हुते. तिच्या बी डोक्यावर बसला हुता. अंधश्रद्धा म्हणून तुजा बाप हसला, म्हणून गप बसले. आठ दिसांत गेली.”

हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. मागून दादाचा दमलेला आवाज आला, “आत्ती, बोल की. माझ्यासाठी बोल.” शेवटी आत्या ग्रुपवर रडत म्हणाली, “मी खोटं बोलले. माजा रणधीर हाय. माज्याशेजारी बसलाय.”

प्रचितीनं ते नाकारलं. कारण दिलं, वक्ता दबावाखाली आहे.

मी तिचे आलेख उघडून बघितले. खरं बोलताना आत्याचा आवाज कापत होता, कारण तिच्या मते ती त्या क्षणी पोराला मरणाच्या तोंडी देत होती. आता दादाच जायला हवा होता समोर. मी गाडी जमेल तितकी पळवली, टोलनाक्यावर एकाशी भांडले, आणि हॉस्पिटलात पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती.

अवयव वाटपाचं काम बघणाऱ्या ढेकणे मॅडम भल्या बाई होत्या. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही म्हणता ते मला पटतंय हो. पण पटण्यावर मला काही करता येत नाही, हे तुम्हाला मी सांगायचं का? तो नियम तुमच्याच लोकांनी केलाय.”

“भाऊ वाटेत आहे. त्याला समोर उभा करते.”

“करा. नोंद फिरली की मी त्याच मिनिटाला थांबवते आणि किडनी तुमच्या भावाची. त्याचे रक्ताचे नमुने आमच्याकडं आहेतच. पण साडेपाचला दुसऱ्या पेशंटला आत घेणार आहेत. एकदा भूल दिली की मग काही मागं येत नाही.”

मी बाहेर येऊन बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. दादाच्या गाडीचा ठिपका नकाशावर मुंगीच्या पावलानं सरकत होता. कात्रजला गाड्या तुंबल्या होत्या. शेजारी एक गृहस्थ बसले होते, पिकलेली दाढी, अंगात एसटीच्या वर्कशॉपचा खाकी शर्ट. त्यांनी माझ्यापुढं बिस्किटाचा पुडा धरला.

“घ्या ताई. सकाळपासून काय खाल्लेलं दिसत न्हाई तुम्ही. कोण हाय आत?”

“भाऊ येतोय. तुमचं?”

“पोरगी. यास्मिन. आम्ही शिकलगार, फलटणचं. किडनी बसवणार हायेत आज.” त्यांनी ते इतक्या हळू सांगितलं की मोठ्यानं बोललं तर निसटून जाईल असं त्यांना वाटत असावं. “तेवीस वर्षांची हाय. सुई टोचायला दोन्ही हातांना जागा उरली न्हाई. मानंत नळी घातलीया, ती दोनदा पिकली. डॉक्टर म्हणाले, ही शेवटची जागा.”

मी बिस्कीट हातात धरून बसले.

“आमचा नंबर दुसरा हुता,” ते म्हणाले. “फोन आला तवा आम्हाला कुणी काय सांगितलं न्हाई, पण समजतंय की. पैल्या नंबराचा माणूस गेला असणार. पोरगी आनंदानं उड्या मारंल म्हणून बघतो, तर ही रडाया लागली. म्हणाली, अब्बा, त्यांच्या घरात आत्ता काय चाललं असंल? आत नेईपर्यंत त्या माणसासाठी दुवा मागत हुती. नाव बी म्हाईत न्हाई तिला.”

मी उठून स्वच्छतागृहात गेले आणि तोंडावर पाणी मारलं. आरशात बघून स्वतःला बजावलं की माझा भाऊ पहिला आहे. रांग रांग असते. त्याची चूक नाही, चूक यंत्राची आहे, माझी आहे, आत्याची आहे, त्याची नाही. तो आला की अंगठा घ्यायचा, दोन वाक्यं बोलायची, संपलं.

पाच वाजून गेल्यावर ते आले. गाडी चालवत आलेल्या वहिनीच्या भावानं दादाला आधार देऊन आणलं. चार वर्षांत अर्धा झालेला माझा दादा, डोक्याला मफलर, पायांना सूज. त्याला बघितल्याबरोबर मी त्याच्या गळ्यात पडून रडले. सकाळी मेला म्हणून रडले होते, आता जिवंत आहे म्हणून. तो म्हणाला, “आगं हळू, पडंन मी.”

मी त्याला बाकावर बसवलं आणि पर्समधून नाडीयंत्र काढलं. तेवढ्यात समोरचं दार उघडून दोन परिचारिका एक ढकलगाडी घेऊन बाहेर आल्या. तीवर एक सडपातळ पोरगी, मानेला पट्टी. शिकलगार धावत तिच्याजवळ गेले. तिनं त्यांचा हात धरला आणि आमच्याकडं बघून उगीच हसली, आत जाणारी माणसं बाहेरच्यांकडं बघून हसतात तसं. गाडी शस्त्रक्रियेच्या दारापाशी थांबली. आतून बोलावणं यायचं होतं.

“ही कोण?” दादानं विचारलं.

मी यंत्र चालू करायला लागले. पण दादा वीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे वाचत आलेला माणूस. त्यानं माझ्याकडं बघितलं, त्या पोरीकडं बघितलं. मग शिकलगारांना हाक मारून त्यांच्याशी तो थोडं बोलला. फलटणच्या डेपोचं काय, वस्ती कुठली, पोरगी काय शिकली. शिकलगारांनी त्यालाही सगळं सांगितलं, नळीचं, दुव्याचंसुद्धा. परत जाताना ते दादाला म्हणाले, “तुमचं बी चांगलं हुईल, दादा.”

मी यंत्र पुढं केलं. “अंगठा ठेव. लवकर.”

तो हात काढेना.

“आत्ती,” तो म्हणाला, “दिवस मावळायला किती येळ हाय?”

आत्या खिडकीजवळ उभी होती. किडनीचं काय झालंय ते तिला आता पुरतं कळलं होतं. ती धावत आली आणि तिनं दादाचा हात धरून यंत्राकडं ओढला.

“मसणात गेला दिवस! ठेव आंगठा. कावळ्याचं काय व्हायचं ते मला हू दे, माज्या डोक्यावर घेते. ठेव म्हंते ना!”

“आत्ती, तूच म्हणालीस ना, दिवस मावळूस्तवर मी मेलेलाच ऱ्हायला पायजे? मग ऱ्हाऊ दे की.”

“दादा, वेडा आहेस का?” मी ओरडले. “पुन्हा कधी जुळेल ठाऊक नाही. चार वर्षं लागली!”

“मला सुया टोचायला अजून हातात जागा हाय.” तो दमून थांबला. “तृपे, आपल्या दुकानात एक नेम हुता. सोन्याची मूस भट्टीत चढली की ती ज्याच्या नावानं चढली त्याचीच. मागनं कुणी आला, माझा नंबर आधी हुता म्हणाला, तरी उतरवायची न्हाई. नासतंय सगळं. बघ, ती दारात हाय.”

मेघावहिनी इतका वेळ भिंतीला टेकून ऐकत होती. ती पुढं आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

“मला इचारलं का कुणी? आठवड्यातनं तीनदा विट्याला कोण नेतं? रात्री पाय कोण चेपतं? आज घरात हार घेऊन माणसं आली, ते काय असतंय ते मी बघितलंय.”

दादानं मान खाली घातली. “न्हाई इचारलं. आता इचारतो. तू सांग, काय करू. तू म्हणशील ते करतो.”

वहिनी त्या ढकलगाडीकडं बघत राहिली. यास्मिननं डोळे मिटले होते, ओठ हलत होते. शिकलगार तिच्या केसांवरून हात फिरवत होते. माझ्या हातातल्या यंत्रावर बारीक दिवा लुकलुकत होता. मला वहिनीनं “ठेवा” म्हणायला हवं होतं. मी मनातून अक्षरशः ओरडत होते, म्हण, म्हण. ती जाऊन दादाशेजारी बसली आणि त्याच्या मफलरची सुटलेली गाठ घट्ट बांधायला लागली. बांधता बांधता ती रडायला लागली.

दार उघडलं, गाडी आत गेली, दार बंद झालं. वर लाल दिवा लागला.

मी ढेकणे मॅडमकडं गेले नाही. कुणाकडंच गेले नाही. आयुष्यभर ज्या कामाचा पगार घेतला, ते काम हातात धरून बसून राहिले. एक धडधडीत खोटी नोंद, शेजारी तिचा जिवंत पुरावा, आणि मी खिडकीतून समोरच्या इमारतीवरचं ऊन वर वर सरकताना बघत होते. दादावर मला भयंकर राग आला होता. त्याचा हात मात्र मी सोडला नाही.

ऊन गेलं. आत्या म्हणाली, “मावळला.”

मी दादाचा अंगठा यंत्रावर ठेवला आणि माझी बोटं त्याच्या मनगटावर होती तशीच ठेवली. डायलिसिससाठी केलेल्या रक्तवाहिन्यांच्या जोडणीमुळं त्याची नाडी नेहमीच थरथरते, आतून कुणी घासल्यासारखी. यंत्रानं ती वाचली. मग पडद्यावर प्रश्न आला: ही व्यक्ती जिवंत असल्याचे आपणास केव्हा समजले? बोलून सांगा.

दुपारी कळलं असं सांगितलं, तर नोंद जाणूनबुजून तशीच ठेवली असं ठरणार होतं. मग ते वाटप वादात पडणार, चौकशी लागणार, आणि चौकशी संपेपर्यंत त्या पोरीच्या पुढच्या औषधांची मंजुरी अडकणार. शस्त्रक्रिया होऊन उपयोग काय, औषधं नसतील तर? आणि खोटं बोलले तर यंत्र ओळखणार. ते ओळखायचं कसं, हे शिकवणाऱ्यांत मीही होते.

“आत्ताच,” मी म्हणाले. “मला आत्ताच समजलं.”

यंत्र नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतंय असं मला वाटलं. माझ्या बोटांखाली दादाची नाडी थरथरत होती, आणि तेवढ्यापुरतं मी बोलले ते खरंच होतं.

हिरवा ठिपका उमटला.

मी त्याच्याकडं बघतच राहिले. हजारो लोकांच्या साक्षींना रोज मिळणारे हजारो ठिपके माझ्या डोळ्यांपुढून गेले. त्यांतल्या कुणाकुणाच्या बोटांखाली काय काय होतं, ते मला कधीच कळणार नव्हतं.

“झालं?” दादानं विचारलं. “आता हाय का मी?”

त्याचा विश्वास बसेना, म्हणून त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझा नंबर लावला. माझ्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. पडद्यावर त्याचं नाव आणि सोन्याच्या भट्टीपुढं उभा असलेला त्याचा जुना, गुबगुबीत फोटो. कुठं अडवल्याची ओळ नाही, काही नाही. नुसता वाजत होता.

“आगं उचल की,” आत्या म्हणाली. “पोरगं फोन करतंय.”

“वाजू दे, आत्या,” मी म्हणाले. “वाजू दे जरा.”